कुणाच्या अंगावरचं कापड

वेल्समधलं दुपदरी ब्लँकेट लांबून बघण्यात अर्थ नाही. नक्षीतला एखादा मोठा चौकोन गाठायचा, वरचा पदर एका हाताच्या चिमटीत आणि खालचा दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून हलकेच ओढायचं. कापड तिथे दोन होतं. मधली पोकळी बोटांना कळते. मग तसंच ओढत चौकोनाच्या कडेला यायचं. तिथे पदर सुटेनासे होतात, कारण वरचा पदर खाली गेलेला असतो आणि खालचा वर आलेला. एका बाजूला काळ्या जमिनीवर लाल चौकोन, उलटं केलं की लाल जमिनीवर काळा. सुलट कोणती आणि उलट कोणती, हा प्रश्नच उरत नाही. दोन ताणे, दोन बाणे, एकाच मागावर एकाच वेळी विणलेली दोन कापडं, आणि त्यांना जोडणारा टाका कुठेही नाही. पदरांची अदलाबदल हाच त्यांचा सांधा. पोकळीत अडकलेली हवा थंडीत ऊब धरून ठेवते. असं ब्लँकेट अंगावर घेतलं की वजन जाणवतं, आणि ते वजन हवंहवंसं वाटतं.

मी इचलकरंजीचा. आमच्या घरात माग नव्हते, पण गल्लीत होते, त्यामुळे वही-फणी, कांडी, धोटा, डॉबी हे शब्द कानावर पडतच मोठा झालो. नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये आल्यावर वेल्समधल्या गिरण्या बघायची ओढ लागली ती या कानांमुळेच. तिथल्या बऱ्याच गिरण्यांत डॉबक्रॉस नावाचे माग आहेत, पूर्वी यॉर्कशायरमध्ये असलेल्या त्याच नावाच्या गावी घडवलेले. ओतीव लोखंडाचे, आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याचे, आणि नक्षीसाठी उभे धागे उचलणाऱ्या डॉबीची साखळी वरून फिरवणारे. आजच्या बिनधोट्याच्या मागांपुढे त्यांचा वेग काहीच नाही. पण लोकरीच्या जाड सुताला तो मानवतो, सूत तुटत नाही, आणि बिघाड झाला तर गिरणीतलाच माणूस पाना घेऊन दुरुस्त करू शकतो. फक्त सुटे भाग आता बाजारात मिळत नाहीत. बंद पडलेल्या गिरणीतला माग विकत घ्यायचा आणि त्याचे अवयव काढून चालत्या मागाला बसवायचे, असं चालतं. माग जिवंत ठेवणाऱ्या मेकॅनिकला माझ्या लेखी विणकराइतकाच मान आहे.

गल्लीतल्या मागांनी माझ्या डोक्यात एक प्रश्नही घालून दिला. आमच्याकडे कोरं कापड टेम्पोत चढायचं आणि निघून जायचं. ते कुठे रंगलं, कुणाच्या अंगावर गेलं, हे विणणाऱ्याला कधी कळायचं नाही. त्यामुळे कुठलंही जुनं कापड समोर आलं की मला आधी हेच विचारावंसं वाटतं: हे विणलं कुणासाठी? वेल्सच्या लोकरीला हा प्रश्न विचारत गेलं की तिचा तीनेकशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो.

सुरुवात घरापासून. डोंगराळ मुलूख, पाऊस भरपूर, माती पातळ. धान्य बेताचं पिकतं, गवत भरपूर उगवतं. म्हणून मेंढी. घरोघर बायका लोकर पिंजायच्या आणि कातायच्या. माग बहुतेक पुरुष चालवायचे. ज्यांच्याकडे मेंढ्याच नव्हत्या अशा गरीब बायका उन्हाळ्याच्या तोंडाला घोळक्याने डोंगराकडे चालत निघत. काटेरी झुडपांना, कुंपणांना, दगडी बांधांना मेंढ्यांच्या अंगची लोकर अडकलेली असते. ती पुंजका-पुंजका वेचत त्या दिवसचे दिवस फिरत. रात्री शेतकऱ्यांच्या गोठ्यात किंवा माळ्यावर मुक्काम. ठरलेल्या वाटा, ठरलेली घरं. दरवर्षी येणाऱ्या बाईला घरधनीण आपल्याकडची चार मुठी लोकर वर द्यायची. वर्षभराच्या मोज्यांची सोय अशी व्हायची. बाला या गावी हातविणीच्या मोज्यांचा मोठा बाजार भरायचा. हिवाळ्यात सरपण आणि दिव्याचं तेल वाचावं म्हणून शेजारपाजारच्या सगळ्याजणी एका घरी जमून मोजे विणत बसत, आणि कुणी गोष्टी सांगे, कुणी हार्प हे तंतुवाद्य वाजवी.

घरातल्या माणसासाठी विणलेल्या कापडांत मला सगळ्यांत प्रिय आहे ती बाळाची शाल. मोठी, चौरस, लोकरीची. आई ती एका खांद्यावरून घेऊन दुसऱ्या हाताखालून काढते आणि बाळाला आपल्या छातीशी असं आवळून धरते की शालीतच बाळाचा भार तोलला जातो आणि एक हात मोकळा राहतो. त्या हाताने चूल, पाणी, बाजार. एका वेल्श मैत्रिणीच्या आईने मला हे उशी घेऊन करून दाखवलं. त्यांचं वय ऐंशीच्या पुढचं, पण शालीचा फेरा टाकताना हात जराही अडखळला नाही. मी करून बघायला गेलो तर म्हणाल्या, “बाळ गरम राहिलं पाहिजे आणि आईला बटाटे सोलता आले पाहिजेत. दोन्ही जमलं तर शाल बरोबर बसली म्हणायची.” खाणींच्या गावांतल्या जुन्या छायाचित्रांत अशा शालीतली बाळं आणि दारात उभ्या आया जागोजाग दिसतात.

घरापुरतं विणून झाल्यावर उरलेलं विकायचं, इथून पुढे मात्र गोष्ट अवघड होते. सतराव्या-अठराव्या शतकात मेरियोनेथ आणि माँटगोमेरीशायर या भागांतली शेतकरी कुटुंबं एक जाडंभरडं पांढरं कापड विणत. व्यापारात त्याला ‘वेल्श प्लेन्स’ म्हणत. सीमेपलीकडच्या श्रूजबरी या इंग्लिश गावातल्या कापड-व्यापाऱ्यांच्या संघाचा या धंद्यावर वर्षानुवर्षं ताबा होता. विणकर गरीब, व्यापारी गबर. आणि कापड जायचं कुठे? त्यातलं बरंच अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांत आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या वसाहतींत, मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या अंगावर. तिथल्या वर्तमानपत्रांत पळून गेलेल्या गुलामांच्या शोधासाठी मालक जाहिराती द्यायचे, आणि त्यात वर्णन असायचं: अंगावर वेल्श प्लेन्सचा कोट. दक्षिण कॅरोलायनात १७३५ साली तर कायदाच झाला की गुलामांनी कोणत्या प्रतीचं कापड घालायचं. ‘निग्रो क्लॉथ’ या नावाने विकलं जाणारं हलक्या प्रतीचं कापड त्या यादीत होतं. माणसाची जागा त्याच्या कापडावरून ओळखू यावी, त्यापेक्षा बरं त्याने घालू नये, हा त्यामागचा हेतू.

वेल्समध्ये गेल्या काही वर्षांत या इतिहासावर मोकळेपणाने बोललं जातंय, संशोधन होतंय. हातकामाच्या वारशाबद्दल आपण बोलतो तेव्हा आवाज आपसूक मऊ होतो. ओढा, पाणचक्की, आजीचा चरखा. पण डोंगरातल्या त्या झोपडीत रात्री दिव्याखाली कातलेलं सूत दुसऱ्या टोकाला उसाच्या मळ्यात घामाने भिजत होतं. कातणारी बाई निर्दय होती असं कुणी म्हणणार नाही. तिला मिळणारे चार पैसेही श्रूजबरीचा व्यापारी ठरवायचा. तरी त्या कापडातलं सूत तिच्याच हातचं होतं. वारसा सांगायचा तर हेही सांगायला हवं, ब्लँकेटच्या रंगांइतक्याच मोठ्या आवाजात.

पुढचं गिऱ्हाईक फ्लॅनेलचं, म्हणजे मऊ लोकरी कापडाचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला माँटगोमेरीशायरमधलं न्यूटाउन फ्लॅनेलसाठी इतकं गाजलं की लोक त्याला, लोकरीच्या धंद्यासाठी प्रसिद्ध इंग्लिश शहरावरून, वेल्सचं लीड्स म्हणू लागले. तिथे आजही विणकरांच्या विटांच्या चाळी उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर एकमेकांना पाठ लावून बांधलेली बिऱ्हाडं, आणि सगळ्यांत वर चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग मागशाळा, दोन्ही बाजूंना खिडक्यांची रांग. राहायच्या खोल्यांत अंधार आणि मागांना उजेड. त्यातल्या एका इमारतीत आता वस्त्र-संग्रहालय आहे. अरुंद जिना चढून वर गेलं की त्या काळाचा हिशेब न बोलता कळतो. मजुरी घसरली, गरिबांना मिळणारी मदत आवळणारा नवा कायदा आला, मताचा हक्क नाहीच. तेव्हा १८३९ च्या एप्रिलअखेरीस शेजारच्या लॅनिडलॉइसमध्ये विणकर चिडून उठले आणि काही दिवस गाव चार्टिस्टांच्या, म्हणजे मताचा हक्क मागणाऱ्या कामगार चळवळीच्या, हाती राहिलं. मग सैन्य आलं, खटले झाले, काहींना काळ्या पाण्यावर पाठवलं. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या यंत्रगिरण्यांपुढे न्यूटाउनचं फ्लॅनेल पुढे टिकलं नाही. त्याच न्यूटाउनमधून प्राइस प्राइस-जोन्स या कापड-दुकानदाराने पोस्टाने माल धाडायचा धंदा काढला आणि स्टेशनाशेजारी १८७९ साली प्रचंड वखार उभारली. त्याने १८७६ साली पेटंट घेतलेलं, आत शिरून झोपता येईल असं लोकरी पांघरूण रशियन सैन्यानेही मागवलं होतं. विकणारा मोठा झाला तोवर गावातले माग मात्र थंड पडत चालले होते.

फ्लॅनेलची सूत्रं मग नैऋत्येकडे, तैवी नदीच्या खोऱ्यात गेली. द्रे-वाख वेलिन्द्रे हे नाव मराठीत नीट बसत नाही, पण गाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. उतारावरून खळाळत येणारे ओढे आणि १८६४ साली जवळच्या लँडिसिलपर्यंत पोचलेली रेल्वे, या दोन गोष्टींवर तिथे गिरण्या उभ्या राहिल्या. रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या खाणी होत्या. खाणकामगाराला फ्लॅनेलचाच सदरा लागायचा. जमिनीखाली घामाने भिजलेला सुती सदरा अंगाला चिकटतो आणि वर आल्यावर गारठवतो. लोकर घाम पिते आणि ओली असूनही ऊब सोडत नाही. सदरे, बंड्या, अंतर्वस्त्रं, बायकांचे परकर, सगळं पट्ट्यापट्ट्यांच्या फ्लॅनेलचं. इथे विणकराला गिऱ्हाईक ठाऊक होतं. पुष्कळदा ते त्याच्याच नात्यातलं होतं, कारण धाकटा भाऊ खाणीत गेलेला असायचा. तीनेकशे वर्षांच्या या प्रवासातला हाच टप्पा मला सर्वांत सुखाचा वाटतो. गिरणीतली मजुरी काही फार नव्हती, दिवस लांबच होता, पण कापड ज्याच्या अंगावर जायचं त्याचं नाव विणणाऱ्याला माहीत होतं.

त्या गावातल्या केंब्रियन मिल्स या गिरणीत १९७६ पासून वेल्सचं राष्ट्रीय लोकर संग्रहालय आहे. तिथे उभं राहून सूतकताईचं ‘म्यूल’ यंत्र चालताना बघावं. रुळांवर पुढे-मागे जाणारा लांबलचक गाडा. तो बाहेर येतो तेव्हा पिंजलेल्या लोकरीच्या मऊ पेळवांना ताण आणि पीळ एकदमच मिळतो. क्षणभर सगळे धागे हवेत ताठ उभे. मग गाडा मागे सरकतो आणि कातलेलं सूत चात्यांवर गुंडाळलं जातं. पुन्हा बाहेर. तुटलेला धागा चालत्या गाड्याबरोबर चालतच सांधायचा, दोन बोटांत नुसता वळून. एक धागा सांधायला उशीर झाला की शेजारचा तुटलेला असतो. पूर्वी ही कामं पोरं करत, दिवसभर त्या गाड्याबरोबर चालत.

विणून मागावरून उतरलेलं कापड पाहिलं तर कुणी विकत घेणार नाही. विरळ, खरखरीत, तेलकट. ते साबणाच्या पाण्यात भिजवून लाकडी हातोड्यांखाली कुटतात तेव्हा लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात, कापड आटतं, दाट होतं. वेल्सच्या ओढ्यांवर कापड कुटायच्या पाणगिरण्या मध्ययुगापासून होत्या. साबण महाग होता तेव्हा घरोघरी साठवलेलं मूत्र धुलाईला वापरत. निळीच्या पिंपातही तेच. ती नीळ पुष्कळ वर्षं आपल्या बंगाल-बिहारच्या मळ्यांतून गेली, रयतेवर जबरदस्ती करून पिकवलेली. फ्लॅनेलच्या निळ्या पट्टीत तीही माणसं आहेत. कुटून आटवलेलं कापड मग उघड्यावर लांबच लांब लाकडी चौकटींच्या आकड्यांना ताणून वाळवायचं. पावसाळी मुलखात हे काम आभाळाकडे बघत करावं लागे.

पहिलं महायुद्ध आलं आणि गिरण्यांना सैन्य हे गिऱ्हाईक मिळालं. वेल्श पलटणींना वेल्श लोकरीचाच राखाडी गणवेश द्यावा असा आग्रह झाला, तसं कापड विणलंही गेलं. गिरण्यांनी कर्जं काढून यंत्रं वाढवली. मग युद्ध संपलं. सरकारने शिल्लक कापडाचे ढीग बाजारात ओतले, भाव कोसळले, पाठोपाठ कोळशाचा धंदा बसला, आणि खाणकामगाराचा पोरगा स्वस्त सुती सदरा घालू लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेकडो गिरण्या होत्या. आज चालत्या गिरण्या बोटांवर मोजाव्या लागतात.

दुपदरी ब्लँकेटला खरी झळाळी आली ती या पडझडीनंतर. वीण जुनीच होती, अठराव्या शतकातली. पण तिला देशोदेशी नेलं ते १९५० आणि ६० च्या दशकांतल्या पर्यटकांनी. समुद्रकिनारी सुट्टीला आलेलं कुटुंब गिरणी बघून एखादं ब्लँकेट गाडीत टाकून न्यायचं. लाल-काळ्याच्या जोडीला गर्द गुलाबी, नारिंगी, मोरपिशी, जांभळा असे त्या काळाचे रंग आले. त्याच कापडाचे कोट झाले, पिशव्या झाल्या, चष्म्याची घरं झाली. काही शुद्धतावादी नाकं मुरडतात. मला ते रंग आवडतात. गिरणी चालू ठेवायची होती, नवं गिऱ्हाईक दारात उभं होतं, आणि विणकराने अंगातलं सगळं कसब त्या नव्या रंगांत ओतलं. चष्म्याच्या घरातसुद्धा वीण तीच, पदरांची तीच अदलाबदल.

एका ब्लँकेटबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. कायर्नार्वन ब्लँकेट. नक्षीऐवजी त्यावर चित्रं विणलेली: एक कायर्नार्वनचा किल्ला, दुसरी ॲबरिस्टविथच्या महाविद्यालयाची इमारत. किल्ला तेराव्या शतकात पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकून बांधला, वेल्श माणसावर वचक बसावा म्हणून. महाविद्यालय १८७२ साली उघडलं, आणि त्यासाठी चर्चच्या झोळ्यांतून, खाणी-खडकांवर राबणाऱ्या माणसांच्या पेनी-पेनीतून पैसा उभा राहिला होता. इंग्लंडच्या युवराजाला १९११ आणि १९६९ साली याच किल्ल्यात प्रिन्स ऑफ वेल्सचा मान समारंभाने देण्यात आला, तेव्हा ही ब्लँकेटं विशेष खपली. जेत्याची वास्तू आणि लोकवर्गणीची वास्तू एकाच पांघरुणावर. कुणाच्या पलंगावर हे ब्लँकेट दिसलं की मी ते दोन्ही बाजूंनी उलटून बघतो.

आज गिरण्या कशाबशा तगल्यात असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. कॉन्वी खोऱ्यातली ट्रेवरिऊची गिरणी १८५९ पासून एकाच कुटुंबाकडे आहे आणि तिने ओढ्याच्या पाण्यावर स्वतःची वीज केली. पेम्ब्रोकशायरमधली मेलिन त्रेगविन्ट हेन्री ग्रिफिथ्स यांनी १९१२ साली ७६० पौंडांना घेतली होती. तीन पिढ्यांनी ती चालवली आणि २०२२ मध्ये बाहेरच्या कुणाला न विकता गिरणीची मालकी तिथे काम करणाऱ्यांच्या ट्रस्टकडे दिली. विणकर गिरणीचे मालक. लॅनिडलॉइसच्या माणसांना हे ऐकवायला हवं होतं.

पण एक गोष्ट मला खटकत राहते. वेल्समध्ये माणसांपेक्षा मेंढ्या कितीतरी पट जास्त. कुठल्याही डोंगराकडे बघा, पांढरे ठिपके. तरी दुकानातल्या बहुतेक ब्लँकेटांत त्या डोंगरावरची लोकर नसते किंवा थोडीशीच असते. वेल्श डोंगरी मेंढी लहान, काटक, पावसात तगणारी. तिच्या लोकरीत राठ, ठिसूळ केस मिसळलेले असतात, त्यांच्यावर रंग धरत नाही आणि ते अंगाला टोचतात. म्हणून ती लोकर गालिच्यांकडे जाते आणि ब्लँकेटसाठी मऊ लोकर बाहेरून येते. गालिचेही आता बहुतेक कृत्रिम धाग्यांचे. भाव इतका पडलाय की मेंढी भादरायची मजुरी लोकरीच्या पैशांतून सुटत नाही. मेंढीला उन्हाळा सोसवावा म्हणून भादरायची, आणि लोकर घ्यायला कुणी नाही म्हणून शेतकरी ती कुजवून खत करतो. आपल्याकडे दख्खनी मेंढीच्या लोकरीची आणि घोंगडी विणणाऱ्या सनगरांची गत वेगळी नाही.

पूर्वी याच राठ लोकरीचं कापड होत होतं, कारण निवडणारा हात प्रत्येक लोकरपोळी, म्हणजे एका मेंढीची अखंड उतरलेली लोकर, उलगडून मानेची, पाठीची, मांडीची लोकर वेगळी करायचा. ते कसब मजुरीत परवडत नाही म्हणून गेलं. काही छोटे विणकर आता जवळच्या शेतावरची लोकर घेऊन, निवडून, न रंगवता तिच्याच करड्या-तपकिरी रंगांत विणू लागले आहेत. माल थोडा निघतो, महाग पडतो, जरा टोचतोही. मी त्यांच्याकडूनच घेतो, आणि इतरांनीही घ्यावं असं मला मनापासून वाटतं. मोठ्या गिरण्यांनी निदान प्रत्येक ब्लँकेटच्या पट्टीवर ‘वेल्समध्ये विणलेलं’ याखाली एक ओळ वाढवावी: लोकर कुठली, आणि मेंढपाळाला किलोमागे किती दिले.